रात्री दोन वाजता इथे जबाबदार कोण? नर्सिंग होमच्या कायद्याची गोष्ट

मागच्या महिन्यात एक काका दवाखान्यात आले होते. साताऱ्याचे, निवृत्त शिक्षक. काकूंना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आता त्या अंथरुणालाच आहेत. नळीतून आहार, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं एकट्या पंच्याहत्तरीच्या माणसाला झेपेना. मुलगा अमेरिकेत, ओहायो राज्यात. त्याने फोनवर सुचवलं की आईला एखाद्या चांगल्या नर्सिंग होममध्ये ठेवा, पैशाची काळजी करू नका. आणि वर विचारलं, "बाबा, तिथल्या ॲडमिनिस्ट्रेटरकडे लायसन्स आहे ना, तेवढं बघून घ्या."

काका मला म्हणाले, "डॉक्टर, नर्सिंग होममध्ये तर बाळंतपण आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन करतात. तिथे हिला कोण ठेवून घेणार? आणि हे ॲडमिनिस्ट्रेटरचं लायसन्स काय प्रकरण आहे? डॉक्टरचं लायसन्स ऐकलंय, ड्रायव्हरचं ऐकलंय."

बाप आणि मुलगा एकच शब्द वापरत होते आणि दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. काकांचा प्रश्न साधा होता, पण त्याचं उत्तर द्यायला मला 1949 सालापर्यंत मागे जावं लागलं. तुमच्या घरातही कधी ना कधी कोणी ॲडमिट होणार आहेच, म्हणून ते उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, बहुतेक वृद्ध माणसांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी जागा. तिथे शस्त्रक्रिया होत नाहीत, बाळंतपणं होत नाहीत. माणसं तिथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहतात. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. दहा-वीस खाटा, एक ऑपरेशन थिएटर, खाली मेडिकलचं दुकान.

अमेरिकेत अशा जागा चालवणाऱ्या व्यवस्थापकाला राज्य सरकारचा परवाना लागतो. तो डॉक्टर असावाच असं नाही, पण त्याला परीक्षा द्यावी लागते आणि गैरव्यवहार झाला तर त्याचा परवाना जातो. हे आपोआप झालेलं नाही. ज्या ओहायोत काकांचा मुलगा राहतो, तिथेच फिचव्हिल नावाच्या गावी 23 नोव्हेंबर 1963 च्या पहाटे एका खासगी नर्सिंग होमला आग लागली आणि 84 पैकी 63 वृद्ध मेले. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती, त्यामुळे बातमी आतल्या पानांत गेली. पण त्या दशकात अशा घटना आणि तक्रारी साचत गेल्या. 1967 साली तिथल्या संसदेने सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक राज्याला सांगितलं की नर्सिंग होमच्या व्यवस्थापकांना परवाना देणारी यंत्रणा उभी करा. 1970 च्या मध्यापासून ती लागू झाली. मुलाला हे माहीत होतं कारण तिथे ते सगळ्यांनाच माहीत असतं.

मग आपल्याकडे काय? व्यवस्थापकाला वेगळा परवाना देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पण "ही जागा कोणाच्या ताब्यात आहे" हा प्रश्न आपल्या कायद्याने अमेरिकेच्या जवळपास अठरा वर्षं आधी विचारला होता. नंतर आपणच तो विसरलो.

एकोणीसशे एकोणपन्नास

त्या वर्षी मुंबई राज्याने शुश्रूषागृह नोंदणी कायदा केला. बोलण्यात त्याला बॉम्बे नर्सिंग होम ॲक्ट म्हणतात, अलीकडे कागदोपत्री नावात बॉम्बेच्या जागी महाराष्ट्र आलं आहे. हा कायदा इंग्लंडच्या 1927 च्या कायद्यावर बेतलेला आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी घराघरांतून नर्सिंग होम निघाली होती. कोणीही बाई चार खाटा टाकायची, पांढरा गणवेश घालायची आणि म्हाताऱ्या आजाऱ्यांना ठेवून घ्यायची. तिथल्या प्रशिक्षित परिचारिकांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला, 1926 मध्ये संसदेची समिती बसली आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. म्हणजे मूळ काळजी होती ती असहाय रुग्णाची, ज्याला स्वतःला उठून तक्रार करता येत नाही अशाची.

आपल्या कायद्याने तीच भाषा घेतली. नोंदणी केल्याशिवाय नर्सिंग होम चालवता येणार नाही, हे पहिलं. आणि नोंदणी कधी नाकारता येईल याची कारणं दिली. जागा अयोग्य असेल, इमारत अयोग्य असेल, पुरेशा पात्र परिचारिका नसतील, प्रसूतिगृहात पात्र सुईण नसेल, ही कारणं आपल्याला अपेक्षितच असतात. पण त्यात एक असं कारण आहे की ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं. ती जागा एखाद्या पात्र डॉक्टरच्या किंवा पात्र परिचारिकेच्या व्यवस्थापनाखाली नसेल, आणि ती व्यक्ती तिथेच राहणारी नसेल, तर नोंदणी नाकारता येते.

'तिथेच राहणारी' हे शब्द लक्षात ठेवा. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ बसणारी व्यक्ती कायद्याला पुरेशी वाटली नाही. जिच्या ताब्यात रुग्ण आहेत ती रात्रीही त्याच छपराखाली हवी.

दुसरी गंमत म्हणजे डॉक्टर 'किंवा परिचारिका'. कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षित, नोंदणीकृत परिचारिका नर्सिंग होमची प्रमुख होऊ शकते, डॉक्टरच्या बरोबरीने. मुंबई प्रांतात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्येच झाला होता, त्यामुळे 'पात्र' म्हणजे कोण हे ठरवता येत होतं. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परिचारिकेच्या नावावर, परिचारिकेने चालवलेलं नर्सिंग होम किती दिसतात? माझ्या पाहण्यात एकही नाही. आपल्या मनात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचं दुकान, आणि सिस्टर म्हणजे त्याच्या हाताखालची. नावात 'नर्सिंग' असून!

आपल्या भागात तेव्हा काय होतं?

1949 चं साल साताऱ्या-सांगलीच्या माणसाला वेगळ्या कारणाने आठवतं. 8 मार्च 1948 ला सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली होती. त्यातून 1 ऑगस्ट 1949 ला सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं ते 1960 मध्ये. म्हणजे हा कायदा जन्मला तेव्हा निम्म्या लोकांना आपण आता कोणत्या कचेरीत अर्ज करायचा हेच नीट ठाऊक नव्हतं.

आणि खरं तर अर्ज करायला नर्सिंग होमच फारशी नव्हती. मोठं उपचारकेंद्र म्हणजे मिरजेचं मिशन हॉस्पिटल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ते 1894 मध्ये सुरू केलं आणि परिचारिका तयार करण्याचं कामही तिथे लवकरच सुरू झालं. सांगली-मिरजेच्या मधलं वानलेसवाडी हे नाव त्यांचंच, तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. ज्यांचे आजोबा-पणजोबा कोकणातून किंवा विजापूरकडून बैलगाडी-रेल्वे करत 'मिरजेच्या दवाखान्यात' आले होते अशी घरं आजही मला भेटतात. मिशनच्या रुग्णालयांत परिचारिकांचं वसतिगृह रुग्णालयाच्या आवारातच असायचं. मेट्रन तिथेच राहायची. कायद्याला जे हवं होतं ते तिथे कायद्याविनाच चालू होतं.

खासगी नर्सिंग होमची लाट आपल्या भागात पुढे आली. 1962 मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ऐंशीच्या दशकात कऱ्हाडला कृष्णा. उसाचा पैसा आला, कोयना-कृष्णेच्या पाण्यावर गावं वाढली. इस्लामपूर, विटा, तासगाव, फलटण, वाई, कोरेगाव, जिथे जिथे बाजारपेठ होती तिथे तिथे एम. डी., एम. एस. झालेली डॉक्टर मंडळी येऊन बसली. नवरा सर्जन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, हे तर ठरलेलं.

त्या इमारती तुम्ही पाहिल्या आहेत. खाली बाह्यरुग्ण विभाग, मध्ये वॉर्ड आणि थिएटर, वर डॉक्टरांचं घर. रात्री बेल वाजली की डॉक्टर लुंगीवर कोट चढवून खाली. जेवताना हातातला घास टाकून धावलेले डॉक्टर आणि 'आई थिएटरमध्ये आहे' असं सांगत वाढलेली त्यांची मुलं. या मंडळींपैकी बहुतेकांनी 1949 चा कायदा वाचलेला नव्हता. तरी 'तिथेच राहणारी पात्र व्यक्ती' ही अट ते रोज पाळत होते, कारण घर वरच होतं. आपल्या तालुक्यांतल्या खासगी आरोग्यसेवेत जे काही चांगलं झालं त्यात या जिन्याचा वाटा फार मोठा आहे, असं माझं मत आहे.

झोपलेला कायदा

कायदा मात्र कागदावर होता. सुरुवातीला तो मोजक्या मोठ्या शहरांपुरता लागू झाला. बाकी भागांना सरकारने अधिसूचना काढून लागू करायचा होता आणि ते दशकानुदशके रेंगाळलं. जिथे लागू होता तिथेही नोंदणी म्हणजे एक शुल्क भरून कागद आणणं. नोंदणी न करता चालवल्यास दंड पाचशे रुपयांपर्यंत. 1949 मध्ये पाचशे रुपये मोठी रक्कम होती. 1990 मध्ये एका रात्रीच्या डिपॉझिटपेक्षा ती कमी होती.

1990 च्या सुमारास मुंबईत एका खासगी नर्सिंग होममध्ये वडील गमावलेल्या मुलीने उच्च न्यायालयात दाद मागितली. तेव्हा उघड झालं की खुद्द मुंबईतही या कायद्याची अंमलबजावणी धड होत नव्हती. न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर समिती बसली, एका भागातल्या नर्सिंग होमची पाहणी झाली. राहत्या इमारतींतल्या खोल्या, पत्र्याच्या शेड, अपात्र परिचारिका, हे सगळं त्यात निघालं. ही पाहणी करणाऱ्यांत सुनील नंद्रज होते. पुढे सेहत या संस्थेतर्फे त्यांनी आणि रवी दुग्गल यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांच्या भौतिक दर्जाचा अभ्यास केला आणि त्यासाठी निवडला तो आपला सातारा जिल्हा. 1997 मध्ये तो अहवाल आला. जागा, उपकरणं, प्रशिक्षित परिचारिका, नोंदी, या सगळ्या बाबतींत किमान दर्जा नावाची गोष्ट कोणी ठरवलेलीच नाही, आणि म्हणून कोणी पाळतही नाही, हे त्यातून दिसलं. आपल्या जिल्ह्यावर झालेला इतका महत्त्वाचा अभ्यास आपल्याकडच्या किती डॉक्टरांनी वाचला असेल? मीही उशिराच वाचला.

वाचताना मला माझी एक रात्र आठवली. नोकरीच्या सुरुवातीला मी सांगली जिल्ह्यातल्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीचा डॉक्टर होतो. गाव आणि नाव सांगत नाही. मालक-डॉक्टरांनी तोवर गावाबाहेर बंगला बांधला होता, जिना संपला होता. सिस्टर म्हणून जी मुलगी होती ती दहावी नापास. सहा महिन्यांत सलाईन लावायला आणि इंजेक्शन द्यायला शिकलेली, मेहनती, प्रेमळ. महिन्याला काहीशे रुपये पगार. तिला गणवेश होता, प्रशिक्षण नव्हतं.

त्या दुपारी एका बाईचं सिझर झालं होतं. रात्री अकरा वाजता, एक वाजता, मी फेरी मारली तेव्हा सिस्टरने सांगितलं, "पेशंट शांत झोपल्यात." अडीच वाजता बाईची सासू माझ्या खोलीच्या दारात आली. म्हणाली, "डाक्टर, तिचं अंग लई गार लागतंय." पेशंट झोपलेली नव्हती, रक्तस्रावाने ग्लानीत गेली होती. चादरीखाली बघायचं, नाडी मोजायची, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का पाहायचं, हे त्या मुलीला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि मी, एम.बी.बी.एस. झालेला, तिच्या 'शांत झोपल्यात'वर विश्वास ठेवून दारातूनच परतलो होतो. माझी चूक त्या मुलीपेक्षा मोठी होती, हे मी तेव्हाही जाणत होतो.

फोन लागत नव्हता. वॉर्डबॉय मोटारसायकल घेऊन बंगल्यावर गेला. सर आले, रक्ताची सोय झाली, बाई वाचली. पहाटे सासूने मलाच नमस्कार केला, तो मी कसा घेतला हे मला अजून आठवतं.

त्या रात्री तिथे 'तिथेच राहणारी पात्र व्यक्ती' कोण होती? कागदावर मालक. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांचा मी, आणि ती दहावी नापास मुलगी.

म्हैसाळ, कोविड आणि नवे नियम

2005-06 च्या दुरुस्तीनंतर कायद्याची व्याप्ती आणि दंड दोन्ही वाढले. महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे आपल्याकडे सांगली-मिरज-कुपवाडमध्ये, महापालिका नोंदणी करते. बाकी भागात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे काम असतं. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची, मार्चअखेरीस संपणारी.

मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातलं म्हैसाळ देशभर गाजलं. गर्भपातादरम्यान एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला, तपास करताना पोलिसांना ओढ्याजवळ पुरलेली 19 अर्भकं सापडली. आरोपी होमिओपॅथीचा पदवीधर, गावातच त्याचं रुग्णालय. त्यानंतर राज्यभर खासगी रुग्णालयांच्या तपासणीची मोहीम निघाली. माझ्या ओळखीच्या कित्येक प्रामाणिक डॉक्टरांना तेव्हा राग आला होता, एकाच्या पापाची झडती सगळ्यांना म्हणून. राग मी समजू शकतो. पण त्या रुग्णालयात वर्षानुवर्षं कोणी आत जाऊन पाहिलं असतं तर, हा प्रश्न त्या रागापेक्षा मोठा आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण रुग्ण मला नेहमी विचारतात. कायद्यातल्या 'पात्र डॉक्टर'मध्ये आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे नोंदणीकृत डॉक्टरही येतात. त्यांनी नर्सिंग होम चालवणं बेकायदा नाही. ज्याची पदवी आहे त्यापलीकडचे उपचार करणं हा वेगळा मुद्दा आहे. तुमच्या रात्रपाळीचे आर.एम.ओ. बहुतेक ठिकाणी बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतात, त्यांच्यात उत्तम माणसं आहेत. त्यांची पदवी विचारण्यात अपमान नाही. मला कोणी विचारली तर मी भिंतीकडे बोट दाखवतो.

14 जानेवारी 2021 ला सरकारने या कायद्याखालच्या जुन्या, 1973 च्या नियमांत मोठी दुरुस्ती केली. त्यात पहिल्यांदा रुग्णहक्कांची सनद आली. ती दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं, दरपत्रक लावणं बंधनकारक झालं. तक्रार कोणाकडे करायची त्याची यंत्रणा आली. काही महिन्यांतच कोविडची दुसरी लाट आली आणि सगळंच वाहून गेलं. त्याच काळात मिरजेतल्या एका खासगी कोविड रुग्णालयातल्या मृत्यूंवरून तिथल्या संचालक-डॉक्टरला अटक झाली. त्या खटल्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या महिन्यांत मंगल कार्यालयात, लॉजमध्ये खाटा टाकून रुग्णालयं उभी राहिली आणि परवानगी देणाऱ्यांनी खाटा मोजल्या, ऑक्सिजन मोजला. रात्री तिथे जबाबदार कोण राहणार हे किती ठिकाणी विचारलं गेलं?

केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा तयार झाला आणि पडून राहिला. म्हणून आजही आपण त्या 1949 च्या छत्रीखालीच उभे आहोत, ठिगळं लावलेल्या. शिवाय सरकारी रुग्णालयं या छत्रीबाहेर आहेत, तो एक वेगळाच विषय.

दरम्यान नर्सिंग होम बदलली. पाच-सहा डॉक्टर भागीदार, काही ठिकाणी पैसा गुंतवणारे डॉक्टर नसलेलेही. कामकाज पाहायला मॅनेजर, कोणी एम.बी.ए. केलेला, कोणी आधी औषध कंपनीत असलेला. बिल, विमा, टीपीए, योजना, स्टाफची ड्यूटी, सगळं तोच लावतो. रात्री वॉर्डमध्ये दोन सिस्टर असतील की एक, हे प्रत्यक्षात तो ठरवतो. त्याच्यासाठी ना परीक्षा, ना नोंदणी, ना परवाना. काही चुकलं तर तो नोकरी बदलतो. कायद्यात जबाबदार व्यक्ती म्हणून ज्या डॉक्टरचं नाव आहे ते कधीकधी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. काकांच्या मुलाचा प्रश्न आपल्याला परका वाटतो खरा, पण मला तो आता अगदी आपला वाटायला लागला आहे.

तुम्ही काय पाहू शकता? नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. त्यावर नाव कोणाचं आहे, खाटा किती आहेत आणि मुदत संपली का, ते वाचा. खाटा वीस लिहिल्या आणि आत पस्तीस दिसल्या तर परिचारिकाही वीसच्याच हिशेबाने असणार हे समजा. अग्निसुरक्षेचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो, तो चालू आहे का विचारा. रात्री कोण डॉक्टर असतात, ते इमारतीतच असतात का 'फोनवर उपलब्ध' असतात, हे ॲडमिट होतानाच विचारा. सिस्टर जीएनएम आहेत की एएनएम, नोंदणी क्रमांक आहे का, हेही विचारता येतं. चांगल्या ठिकाणी याचा राग येत नाही. राग आला तर तीही माहितीच आहे.

आता काकूंकडे

काकांना नर्सिंग होम नको होतं, शुश्रूषा हवी होती. आपल्या भागात आता वृद्ध सेवा केंद्रं, केअर सेंटर अशा नावांनी जागा निघत आहेत. मुलं पुण्यात, मुंबईत, परदेशात, मागणी वाढणारच. कोणी रो-हाऊसमध्ये, कोणी शेतातल्या बंगल्यात, दहा-बारा आजी-आजोबा ठेवून घेतात. काही जण फार मनापासून करतात, मी स्वतः तिथे पेशंट तपासायला जातो.

पण ही जागा कोणत्या कायद्यात बसते? 2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याबद्दल बोलतो. खासगी केंद्राची नोंदणी, तिथली परिचारिका, तिथला प्रमुख, याबद्दल तो गप्प आहे. अशा केंद्रांच्या नोंदणीची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक 2019 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलं गेलं, ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेसोबत संपलं.

म्हणून मी पुन्हा 1949 चा कायदा उघडला. त्यात नर्सिंग होमची व्याख्या आजार, इजा किंवा 'दुर्बलता' असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा अशी आहे. दुर्बलता! इंग्लंडच्या त्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांसाठी घातलेला शब्द आपल्या कायद्यात जसाच्या तसा उतरला आहे. नळीतून आहार देणारी, बेडसोअरचं ड्रेसिंग करणारी, कॅथेटर बदलणारी जागा माझ्या वाचनाप्रमाणे या व्याख्येत येते, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. म्हणजे तिथेही नोंदणी हवी, आणि तिथेच राहणारी पात्र डॉक्टर किंवा परिचारिका हवी. मी वकील नाही. पण जिल्हा पातळीवरच्या एका अधिकाऱ्यांशी मी यावर बोललो तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अशा जागांची यादीच आमच्याकडे नाही."

काकांना मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी दोन केंद्रं पाहिली, दोन्ही ठिकाणी दिवसा न जाता रात्री साडेनऊला गेले. मास्तरच ते. पहिल्या ठिकाणी एक तरुण मुलगा आणि एक मावशी, बारा पेशंट. "मॅडम कुठे राहतात?" तर कऱ्हाडला. दुसऱ्या ठिकाणी मिशनच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर दार उघडायला आल्या. जागा साधी, पंखे जुने, आठच पेशंट. त्यांची खोली वॉर्डला लागून होती, मधलं दार उघडं होतं. काका म्हणाले, नोंदणीचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "अर्ज दिलाय दोनदा. हे नर्सिंग होममध्ये येत नाही म्हणून परत केला."

काकू आता तिथे आहेत. अर्ज तिसऱ्यांदा लिहिला आहे, मसुदा मी आणि काकांनी मिळून केला. त्यात व्याख्येतल्या त्या शब्दाखाली काकांनी लाल पेनने रेघ मारली आहे.